धूर जातो कुठे?

भाड्याचा फ्लॅट बघायला गेल्यावर आपण काय काय बघतो? मोबाइलला रेंज येते का, पार्किंग मिळेल का, ऑफिसला पोचायला किती वेळ लागेल, डिपॉझिट किती, आणि मालक खालच्याच मजल्यावर राहतात का. राहत असतील तर वीकएंडच्या पार्ट्यांचं काही खरं नाही! बाथरूममध्ये डोकावलोच तर टाइल्सचा रंग बघून नाक मुरडतो. पण भिंतीवर तो पांढरा चपटा डबा दिसला की एकदम खूश. 'अरे वा, गॅस गीझर! म्हणजे नळ सोडला की गरम पाणी, आणि लाइट गेली तरी नो टेन्शन.' झालं, फ्लॅट पसंत.

त्या डब्याला एक प्रश्न विचारायचा मात्र राहून जातो. बाबा रे, तुझा धूर जातो कुठे?

प्रश्न साधा आहे, पण जिवावरचा आहे. मार्च २०२३ मधली होळी आठवते? रंग खेळून आल्यावर आंघोळीला गेलेलं एक जोडपं घाटकोपरच्या आपल्या फ्लॅटमध्ये मृतावस्थेत सापडलं. त्याच सुमारास गाझियाबादजवळच्या मुरादनगरमधूनही तशीच बातमी आली. दोन्ही ठिकाणी पहिला संशय गेला तो बाथरूममधल्या गॅस गीझरवर. दर हिवाळ्यात अशा बातम्या पेपरच्या आतल्या पानावर येतात, आपण 'अरेरे' म्हणतो आणि पान उलटतो. पण हा नशिबाचा भाग नाही, हवेच्या हिशोबाचा आहे. तो हिशोब नवीन घरापेक्षा जुन्या घरात जास्त चुकतो. आज तोच मांडू या.

आजीचा बंब हुशार होता

गावाकडच्या घरात किंवा पेठेतल्या वाड्यात तांब्याचा बंब बघितलाय? मधोमध उभी नळी, नळीत खालून घातलेली चिपाडं, करवंट्या नाहीतर लाकडाच्या ढलप्या, आणि नळीभोवती पाणी. जाळ खाली, धूर नळीतून वर. म्हणजे बंबाला स्वतःचं धुराडं होतं. आणि एवढं असूनही तो ठेवलेला असायचा परसात, अंगणात नाहीतर न्हाणीघराबाहेरच्या पडवीत. बाथरूमचं दार लावून, कडी घालून कुणी आत बंब पेटवल्याचं ऐकलंय?

गॅस गीझर म्हणजे बंबच. फक्त लाकडाच्या जागी गॅस आणि धुराड्याच्या जागी काहीच नाही! आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या साध्या मॉडेलला वरच्या बाजूला नुसत्या फटी असतात. जळालेली गरम हवा त्या फटींतून बाहेर पडते. बाहेर म्हणजे तुमच्या बाथरूममध्ये. धूर डोळ्यांना दिसत नाही, खोकला येत नाही, म्हणून तो नाहीच असं आपण धरून चालतो.

पाच बर्नर आणि एक मोरी

आता थोडं गणित. घाबरू नका, एक्सेल शीट उघडायची गरज नाही.

मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साधारण साडेदहा किलोवॅट उष्णता लागते. थोडी वाया जाते ती धरली तर गीझरमध्ये जळतो सुमारे १२ किलोवॅटचा गॅस. स्वयंपाकघरातला मोठा बर्नर असतो दोन-सव्वादोन किलोवॅटचा. म्हणजे गीझर चालू करणं म्हणजे पाच-सहा मोठे बर्नर एकदम फुल सोडणं. स्वयंपाकघराची खिडकी लावून, दार बंद करून तुम्ही पाच शेगड्या पेटवून उभे राहाल का? नाही ना?

पुढे बघा. या वेगाने तासाला जवळजवळ १ किलो एलपीजी जळतो. १ किलो एलपीजी नीट जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. दहा मिनिटांच्या शॉवरचा हिशोब झाला २ घनमीटर.

आणि बाथरूम केवढं? जुन्या इमारतीतली मोरी चार बाय सहा फुटांची, वर सामान ठेवायला काढलेला माळा, म्हणून उंची जेमतेम सात फूट. एकूण हवा पावणेपाच घनमीटर. म्हणजे दार-खिडकी घट्ट लावलेली असेल तर एका शॉवरमध्ये खोलीतल्या चाळीस टक्क्यांहून जास्त हवेचं काम तमाम. उरलेल्या हवेवर तुम्ही आणि ती ज्योत, दोघंही जगायचं!

आता कॉट बेसिसवर राहणाऱ्या चौघांची सकाळ डोळ्यांसमोर आणा. सगळ्यांना साडेआठची बस पकडायचीय. एक बाहेर आला की दुसरा आत. प्रत्येकी दहा मिनिटं धरली तर चाळीस मिनिटांत ८ घनमीटर हवा हवी. प्रत्येक वेळी दार उघडतं तेव्हा थोडी ताजी हवा आत जाते हे खरं, पण खोली पूर्ण मोकळी होत नाही. त्यामुळे सगळ्यात उशिरा उठणारा जो असतो, त्याच्या वाट्याला सगळ्यात वाईट हवा येते. काल तुम्हाला काही झालं नाही, कारण काल तुम्ही पहिल्या नंबरवर होतात. एवढंच.

'आमच्या गीझरला टायमर आहे' असं कुणी म्हणेल. बऱ्याच मॉडेल्समध्ये २० मिनिटांनी गॅस आपोआप बंद होतो, बरोबर. पण २० मिनिटांत ४ घनमीटर हवा संपते. शिवाय नळ बंद करून पुन्हा सोडला की टायमर पहिल्यापासून सुरू. साबण लावायला नळ बंद केला, की घड्याळ परत शून्यावर.

चोर पावलांनी येणारा गॅस

हवेतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांच्या आसपास उतरला की ज्योत नीट जळेनाशी होते. नीट जळालेल्या गॅसमधून कार्बन डायऑक्साइड आणि वाफ निघते. अर्धवट जळालेल्यातून निघतो कार्बन मोनॉक्साइड. याला रंग नाही, वास नाही. सिलिंडर लीक झाला की जो घाण वास येतो, तो कंपनीने मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा असतो, आणि ते रसायन ज्योतीत जळून जातं. म्हणून 'वास आला नाही' याला इथे काडीचा अर्थ नाही.

रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा कार्बन मोनॉक्साइडला २०० पटींहून जास्त घट्ट धरतं. लोकलच्या डब्यात चुकीची माणसं आधीच सीट अडवून बसावीत, तसं. प्राणवायू दारात उभा, पण जागा नाही. मग डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं, पायातलं बळ जातं. वाईट भाग असा की, 'आपण बाहेर जायला हवं' हे ज्या डोक्याने ठरवायचं, तेच आधी बधिर होतं. कडी दोन फुटांवर असते आणि हात उचलत नाही.

भारतीय डॉक्टरांनी याला 'गॅस गीझर सिंड्रोम' असं नावच देऊन टाकलंय. बाथरूममध्ये शुद्ध हरपली, झटका आला, म्हणून फिट्सचा आजार समजून उपचार सुरू झाल्याच्या केसेस वैद्यकीय नियतकालिकांत आलेल्या आहेत. तेव्हा आंघोळीनंतर रोज डोकं दुखत असेल, तर दोष ऑफिसला किंवा बॉसला देण्याआधी वर भिंतीकडे बघा.

जुनं घर इथेच फसवतं

गंमत म्हणजे जुनी घरं मुळात हवेशीरच होती. दादर, पार्ले, गिरगाव असो की पुण्यातली डेक्कन आणि पेठा, जुन्या बाथरूमला काचेच्या तिरक्या पट्ट्यांची खिडकी असायची, ती कधीच पूर्ण बंद व्हायची नाही. लाकडी दार पाण्याने खालून कुजलेलं, त्यामुळे बोटभर फट. दिसायला गबाळं, पण हवा खेळती.

मग येतं रिनोव्हेशन. पट्ट्या काढून स्लायडिंग विंडो, कुजलेल्या दाराच्या जागी फिटिंगचं पीव्हीसी दार, फटीला रबराची पट्टी, वर फॉल्स सीलिंग. फोटो एकदम झक्कास येतात. आणि घराची श्वास घ्यायची भोकं एकेक करून बुजत जातात. गीझर तोच, ज्योत तीच, फक्त घर आता हवाबंद.

पुण्याच्या ड्राय बाल्कनीची पण हीच कथा. गीझर बाहेर ड्राय बाल्कनीत लावला, शाब्बास! मग पावसाचं पाणी येतं म्हणून बाल्कनीला काचा लावल्या. आता ती बाल्कनी राहिली नाही, दुसरं बाथरूम झालं. त्यात स्वयंपाकघराचं दार तिकडेच उघडतं आणि आत नवी कोरी इलेक्ट्रिक चिमणी. चिमणी जोरात हवा बाहेर ओढते, घराला ती कुठून तरी भरून काढावी लागते, आणि गीझरमधून निघालेला धूर उलटा घरात खेचला जातो.

तिसरा फसवा प्रकार म्हणजे डक्ट. चारी बाजूंनी भिंती, सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या त्यात उघडणाऱ्या, खाली कबुतरं आणि कचरा. तुमचा धूर डक्टमध्ये सोडला की तो आकाशात गेला असं समजू नका. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूमची खिडकी वाटेतच आहे.

शेकोटीवाल्यांचा धडा

धूर काढायच्या वाटा किती, हे समजायला थंड देशांतल्या घरांकडे बघू. टोरांटोत नाहीतर न्यू जर्सीत जुनं घर घेतलेला तुमचा एखादा मित्र किंवा मावसभाऊ असेलच. त्याच्या हॉलमध्ये लाकडांची जुनी फायरप्लेस असते. लाकडं कोण फोडणार, म्हणून तो तिथे गॅसची बसवायला निघतो, आणि त्याच्यापुढे तीन पर्याय येतात.

पहिला व्हेंट-फ्री. धूर काढायची सोयच नाही, जळालेली हवा खोलीतच. प्राणवायू १८ टक्क्यांवर आला की गॅस बंद करणारा सेन्सर त्यात असतो. तरीही कॅलिफोर्नियाने आणि अख्ख्या कॅनडाने घरात हा प्रकार लावायला बंदी घातली आहे.

दुसरा नॅचरल व्हेंट. ज्योत खोलीतली हवा घेते, धूर गरम असल्यामुळे आपसूक धुराड्यातून वर जातो. पण जुनं धुराडं लाकडाच्या मोठ्या आगीसाठी बांधलेलं, ऐसपैस. गॅसचा धूर त्या मानाने थोडा आणि कोमट. एवढ्या मोठ्या धुराड्यात तो वाटेतच गार होतो, वर चढत नाही, वाफेचं पाणी होऊन विटा भिजवतो. म्हणून आत मापाची धातूची नळी, म्हणजे लायनर, घालावाच लागतो.

तिसरा डायरेक्ट व्हेंट. पुढे पक्की काच, ज्योत तिच्या मागे बंद डब्यात. एका नळीने बाहेरची हवा ज्योतीपर्यंत येते, दुसरीने धूर बाहेर जातो. कधी नळीत नळी असते, तर जुन्या चिमणीतून शेजारी शेजारी दोन लवचिक नळ्या सोडतात. खोलीतल्या हवेशी देणं-घेणंच नाही. जुन्या घराला हाच सगळ्यात सुरक्षित.

आता परत आपल्या मोरीत या आणि भिंतीवरच्या डब्याकडे बघा. आपण सर्रास वापरतो तो पहिला प्रकार! फायरप्लेस निदान मोठ्या हॉलमध्ये असते. आपला डबा चार बाय सहाच्या खोलीत, सेन्सर असला तर असला.

मग आपण काय करायचं?

पर्याय इथेही आहेत. सोप्याकडून खर्चिकाकडे जाऊ.

गीझर बाहेर काढा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचा उपाय. गीझर उघड्या बाल्कनीत किंवा गॅलरीत, आत येईल फक्त गरम पाण्याचा पाइप. प्लंबरचं एका दिवसाचं काम. पाइप लांबला तर सुरुवातीचं पाणी गार येतं, म्हणून त्याला इन्सुलेशनची नळी घालून घ्या. बाल्कनी मात्र उघडीच राहिली पाहिजे. पावसाची झड येते म्हणून गीझरवर छोटं छप्पर करा, पण काचा नकोत. आणि टॉप फ्लोअरवाल्यांनी आधी पाण्याचा दाब तपासा. टाकी डोक्यावर जेमतेम दोन मीटर असेल तर बरेच गीझर पेटतच नाहीत.

धुराड्याचा गीझर घ्या. यात डब्याच्या वर नळी जोडलेली असते आणि ती बाहेरच्या भिंतीतून जाते. नळी आधी थोडी सरळ वर गेली पाहिजे, मग बाहेर. खाली उतरणारी, चार ठिकाणी वळलेली नळी म्हणजे नुसती शोभा. तोंडाला टोपी आणि जाळी हवी, नाहीतर कबुतरांचा संसार तिथेच थाटला जातो. आणि तोंड मोकळ्या हवेत उघडायला हवं, डक्टमध्ये नाही. या गीझरला ज्योतीसाठी हवा खोलीतलीच लागते, त्यामुळे दाराच्या खाली जाळी हवीच.

पंख्याचा गीझर. याला फोर्स्ड एक्झॉस्ट म्हणतात. धूर आपसूक जाण्याची वाट न बघता आतला छोटा पंखा तो नळीतून ढकलतो. आडव्या नळीनेही चालतो, म्हणून फ्लॅटला सोयीचा. विजेचा पॉइंट लागतो आणि लाइट गेली की गीझर बंद. हवा मात्र हाही खोलीतलीच घेतो.

नळीत नळीवाला. फायरप्लेसच्या डायरेक्ट व्हेंटचा भाऊ, याला बॅलन्स्ड फ्लू म्हणतात. हवाही बाहेरून, धूरही बाहेर. आपल्या दुकानांत सर्रास दिसत नाही, मागून घ्यावा लागतो आणि महाग पडतो. बाहेरची भिंत मिळत असेल आणि घर स्वतःचं असेल तर विचार जरूर करा.

गॅसच सोडा. एक बादली, म्हणजे २० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला वीज लागते अर्धा ते पाऊण युनिट, नाहीतर गॅस लागतो साधारण ६० ग्रॅम. तुमच्या बिलाचा दर घालून बघा, फरक किती पडतो ते कळेल. मात्र जुन्या घरात वायरिंग आधी दाखवून घ्या. ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर १३ अँपिअर खेचतो. त्याला स्वतंत्र वायर, १६ अँपिअरचा पॉइंट आणि नीट अर्थिंग हवंच. नाहीतर आगीतून फुफाट्यात.

कुठलाही गॅस गीझर घेताना आयएसआय मार्क बघा. एलपीजीच्या घरगुती छोट्या गीझरचं भारतीय मानक आहे आयएस १५५५८, ते २००५ पासून आहे. आणि लेबलवर एलपीजी लिहिलंय की पाइप गॅस, हेही वाचा. दोन्हींचे जेट वेगळे असतात. पाइप गॅसचा गीझर सिलिंडरला जोडला तर गॅस गरजेपेक्षा जास्त सुटतो आणि अर्धवट जळतो. इथे जुगाड नको.

उदबत्तीची टेस्ट

तुमच्याकडे धुराड्याचा गीझर असेल तर तो खरंच धूर ओढतोय का, हे बघायला इंजिनीअर लागत नाही. एक उदबत्ती पुरे. आधी कुठे गॅसचा वास नाही ना, याची खात्री करा. वास असेल तर उदबत्ती सोडाच, लाइटचं बटणसुद्धा दाबायचं नाही. नसेल तर दार-खिडकी रोज आंघोळीला असते तशी लावा, पण तुमचा एक मित्र दाराबाहेर उभा राहू दे. गीझर चालू करून दोन-तीन मिनिटांनी पेटती उदबत्ती नळीच्या खालच्या तोंडापाशी धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक. बाहेर ढकलला जात असेल तर लगेच गीझर बंद.

आता हीच टेस्ट एक्झॉस्ट फॅन आणि किचनची चिमणी चालू ठेवून करा. पुष्कळ घरांत पहिल्या पेपरात पास झालेला गीझर या पेपरात नापास होतो. बाथरूममधला एक्झॉस्ट फॅन चांगलाच, असं आपण समजतो. पण आत यायला हवेला वाट नसेल तर तो नळीतूनच हवा उलटी खेचतो. बाहेर काढायचं असेल तर आधी आत येऊ द्या, हा फंडा लक्षात ठेवा.

ज्योतीचा रंगही बघा. निळी ज्योत हवी. पिवळी, लालसर, लपलपणारी दिसली किंवा वरच्या बाजूला काजळी धरली, तर मेकॅनिकला बोलवा. आतल्या तांब्याच्या पात्यांत धूळ आणि काजळी अडकली की धुराची वाट बुजते. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, सर्व्हिसिंग करून घ्या. पण ज्योत निळी आहे म्हणजे सगळं आलबेल, असं नाही. हवा संपेपर्यंत ती निळीच दिसते.

ऑनलाइन मिळणारे कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म? घ्या, जरूर घ्या, दाराबाहेर लावा. पण त्यांच्या भरवशावर आत गीझर ठेवू नका. युरोपियन मानकाप्रमाणे बनलेला अलार्म हवेत दहा लाखांत १०० भाग कार्बन मोनॉक्साइड झाला, तर १० ते ४० मिनिटांत वाजतो. छोट्या मोरीत चित्र त्याआधीच पालटलेलं असू शकतं.

मालकांना कसं पटवायचं?

'अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, त्यात आम्ही कुठे भिंती फोडत बसणार?' हे बरोबर. पण भिंत फोडायला मालकांनाच सांगायचं असतं. भांडून नाही, गोडीत.

'काका, गीझर बाहेर गॅलरीत घेतला तर चालेल का? प्लंबरचा खर्च अर्धा-अर्धा करू.'

'अरे, आमची मुलं याच गीझरवर मोठी झाली. कधी काही झालं नाही.'

'हो काका, पण तेव्हा त्या काचेच्या पट्ट्या होत्या ना? स्लायडिंग तर तुम्ही मागच्या वर्षी बसवलीत.'

इथे काका बहुतेक गप्प होतात. कारण मुद्दा गीझरचा नसून खिडकीचा आहे, हे त्यांनाही पटतं. बाहेरच्या भिंतीला भोक पाडायचं असेल तर सोसायटीची परवानगी लागेल, तो अर्ज मालकांच्या सहीने जाऊ दे. आणि नवा फ्लॅट घेत असाल तर हे सगळं टोकन द्यायच्या आधी बोला. टोकन दिल्यावर आपली किंमत किती राहते, हे तुम्हाला माहीतच आहे.

गीझर बाहेर जाईपर्यंतची तात्पुरती तोड सोपी आहे. दार सताड उघडं ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, पाचेक मिनिटं हवा मोकळी होऊ द्या, मग आत जाऊन कडी लावा. शॉवरचे लाड थोडे दिवस बाजूला. फ्लॅटमेट आत असेल आणि पाण्याचा आवाज नेहमीपेक्षा जास्त वेळ येत असेल तर हाक मारा. उत्तर आलं नाही तर लाजू नका, दार ढकला.

चक्कर आलीच तर

आत असाल तर टॉवेल, कपडे काही शोधत बसू नका. आधी कडी काढा आणि मोकळ्या हवेत या. बाहेर असाल तर दार उघडा, जमेल तिथून गॅस बंद करा, माणसाला ओढून बाहेर आणा आणि १०८ ला फोन लावा. दीर्घ श्वास घेऊन आत जा, तिथे उभं राहून 'काय झालं रे?' विचारत बसू नका, नाहीतर एकाचे दोन होतील.

आणि एक महत्त्वाचं. कोविडपासून घरोघरी तो बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. तो इथे चक्क फसवतो. प्राणवायूवालं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइडवालं हिमोग्लोबिन, दोन्ही त्याला सारखीच दिसतात. ९८ आकडा बघून 'ठीक आहे, झोप थोडा वेळ' म्हणू नका. हॉस्पिटलमध्ये नेलंत की पहिलं वाक्य हेच बोला, 'गॅस गीझर चालू होता.' साध्या हवेत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध प्राणवायू दिला की तासा-दीड तासात होतो. डॉक्टरांना वेळेत कळलं तर बरंच काही वाचतं.

या शनिवारी एवढंच करा. आपल्या गीझरची नळी शोधा. असेल तर ती कुठे उघडते ते खाली जाऊन, मान वर करून बघा. नसेल तर प्लंबरला फोन करा आणि सकाळच्या रांगेत शेवटी जाणाऱ्या त्या झोपाळू फ्लॅटमेटला सोमवारपासून पहिला नंबर द्या. तो कुरकुर करेल, करू दे.